उषाची दोन बाडं

माझ्या सासूबाई पहिल्यांदा शिकागोला आल्या तेव्हा, मी रोज सकाळी डबा घेऊन नक्की जाते कुठे, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, प्रेसमध्ये. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. शाई कुठेच नव्हती. मग मी समजावून सांगितलं, की आम्ही छापत नाही, छपाई बाहेर होते. प्रोफेसर लोक पुस्तकं लिहितात, ती काढण्यासारखी आहेत की नाहीत हे मी बघते, आणि असली तर ती नीटनेटकी करून देते. त्या म्हणाल्या, "एवढी शिकलेली माणसं ती. त्यांचं त्यांना येत नाही का?"

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी या प्रश्नाचं धड उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

आमची प्रेस एका विद्यापीठाची होती. लहानशी, विटांच्या एका जुन्या इमारतीचा एकच मजला आणि हिवाळ्यात खडखडणारे रेडिएटर. वर्षातून दोनदा आमचा कॅटलॉग निघायचा. लेखक टाइप केलेलं बाड पोस्टाने पाठवायचे. पहिलं वाचन माझं. मला बरं वाटलं तर ते त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे जायचं, त्यांना आम्ही 'रीडर' म्हणायचो. त्यांचे अभिप्राय आले की विद्यापीठातल्या प्रोफेसरांची कमिटी बसायची. तिने हो म्हटलं की पुस्तक आमचं. मग मी हिरवी पेन्सिल घेऊन बसायचे. लाल पेन्सिलीला आमच्याकडे बंदी होती. लाल खुणा पाहिल्या की मोठमोठ्या प्रोफेसरांना शाळेतल्या मास्तरांची आठवण होते आणि ते भांडायला उठतात, असं आमचे डायरेक्टर हॅरल्ड म्हणायचे.

तरी भांडायचेच. एक इतिहासाचे प्रोफेसर होते, त्यांच्या बाडात पानाच्या माथ्यावर दोन ओळी मजकूर असायचा आणि खाली सगळी तळटिपांची वस्ती. मी त्यांना नम्रपणे सुचवलं, की यातलं काही कमी करता येईल का. ते आठवडाभराने परत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वरचा मजकूर काढला तर चालेल का?" दुसरे इथल्या आमच्याच महाराष्ट्र मंडळातले एक डॉक्टर. त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं होतं आणि प्रत्येक प्रकरण एका सर्टिफिकेटपाशी संपत होतं. ते मी परत केलं, तेव्हापासून गणपतीत ते मला प्रसाद द्यायचे तो दुसरीकडे बघत.

या दोघांचा मला कधी हेवा वाटला नाही. पण हा धंदा हेव्याचाच आहे, हे कोणी कबूल करत नाही. पूर्वी खिळे जुळवणाऱ्या माणसांच्या अंगात जसं शिसं भिनायचं, तसा संपादकाच्या अंगात हेवा भिनतो. दिवसभर दुसऱ्याची वाक्यं हातात धरायची, ती पुसायची, सरळ करायची, आणि संध्याकाळी ती ज्याची त्याला परत करायची. आपलं नाव शेवटी आभारांच्या पानावर, बहुतेक वेळा चुकीच्या स्पेलिंगने. बऱ्याच वर्षांत हा हेवा थोडा थोडा, सर्दीसारखा येऊन जायचा. एकदाच तो तापासारखा चढला. ती हकिगत सांगते.

उषा देवधर आणि मी पुण्याला एका बाकावर बसून बी.ए. केलं. मला पहिला वर्ग मिळाला, तिला पहिला वर्ग आणि बक्षीस. पुढे दोघी लग्न होऊन अमेरिकेत आलो. मी शिकागोला. माझा नवरा शरद इंजिनिअर, समजूतदार माणूस. इथे मी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता जात्यावरच्या ओव्या. मग निखिल झाला, आणि प्रबंध आधी टेबलावरून कपाटात आणि कपाटातून पलंगाखाली गेला. उषा आली डेट्रॉईटला. तिच्या नवऱ्याच्या घरात तिला फोनला हात लावायची मुभा नव्हती आणि तो बाहेर जाताना दाराला कुलूप लावून किल्ली घेऊन जायचा. एके दिवशी तो किल्ली विसरला. ती दार उघडून बाहेर पडली, चालत बस स्टॉपपर्यंत गेली आणि विचारत विचारत शिकागोच्या बसमध्ये बसली. अंगावर स्वेटर होता, कोट नव्हता. दार मी उघडलं. तो सगळा हिवाळा ती आमच्याकडे राहिली.

त्यानंतर तिने घटस्फोट घेतला, पीएच.डी. केली आणि विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या कॉलेजात साहित्य शिकवायला लागली. मी प्रेसमध्ये आधी पार्ट टाइम लागले होते, आता फुल टाइम झाले. दर रविवारी आम्ही फोनवर बोलायचो. ती काही लिहिते आहे, एवढं मला माहीत होतं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. एका रविवारी ती म्हणाली, "मालू, तुझ्या ऑफिसला दोन मॅन्युस्क्रिप्ट पाठवलीत. एक लिटररी क्रिटिसिझमचं आहे, ओव्यांवर. दुसरं आपलं... आठवणी, मेम्वार म्हण."

"एका वेळी एका लेखकाचं एकच घेतो आम्ही. रूल आहे."

"म्हणून तर तुझ्याकडे पाठवलीत. तू निवड."

ओव्यांवर म्हणाली, तेव्हाच मला पहिलं टोचलं. तो माझा विषय होता. माझा म्हणजे पलंगाखालचा. तिने तो घेण्याआधी मला विचारलं होतं, वर्षांपूर्वी, आणि मी मोठ्या मनाने "घे की" म्हटलं होतं. मोठं मन दाखवायला तेव्हा काही मोजावं लागत नव्हतं, कारण ती तो पुरा करेल असं मला वाटलंच नव्हतं.

दोन्ही बाडं आली. मी टीकेचं आधी घेतलं, घाबरत घाबरतच. ओवीत जी 'मी' बोलते ती नक्की कोण, दळणारी बाई की तिच्या आधी दळून गेलेल्या सगळ्या बायका, असा प्रश्न घेऊन ते पुस्तक चाललं होतं. अभ्यास पक्का होता. मांडणी स्वच्छ होती. पहिल्या प्रकरणात मी दातओठ खात वाचत होते. मग हळूहळू दात सैल पडले. पानापानावर मी 'बरोबर', 'अगदी बरोबर' म्हणत गेले, आणि मधेच माझ्या लक्षात आलं, की वाचता वाचता मी डबा संपवलाय. टोचणं थांबलं होतं. हे पुस्तक मीही लिहिलं असतं. थोडं उशिरा, पण असंच.

दुसऱ्या दिवशी मेम्वार उघडलं. त्या दिवशी डबा मी तसाच घरी परत नेला.

त्यात डेट्रॉईटचं घर होतं, त्या बसचा प्रवास होता, विस्कॉन्सिनच्या गावात एकटीने काढलेले हिवाळे होते. त्यातलं काहीही मला नवीन नव्हतं. सगळं मी ऐकलेलं, निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं. आणि तरी मी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. बसमध्ये शेजारच्या काळ्या आजींनी काही न विचारता आपला कोट दोघींच्या मांडीवर पसरला, आणि उषाला रडू आलं ते नवऱ्यामुळे नव्हे, तर त्या कोटाला घरातल्या कपाटाचा वास येत होता म्हणून. असली वाक्यं. मी ती दोनदा वाचायचे आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहायचे.

मग माझं घर आलं. माझं नाव नव्हतं, 'एक मैत्रीण' होती. मैत्रीण पोळ्या लाटते आहे आणि तिचे ओठ हलताहेत. पाहुणीला आधी वाटतं ती स्तोत्र म्हणते आहे. मग कळतं की ती तिच्या अर्धवट प्रबंधाचं पुढचं वाक्य जुळवते आहे. पोळी तव्यावर टाकते आणि वाक्य विसरते. पुढची पोळी घेते, पुन्हा पहिल्यापासून.

हे खरं होतं. मला स्वतःला ते माहीत नव्हतं. त्या हिवाळाभर मी तिला खाऊ घातलं, तिच्या अंगावर माझा कोट घातला, वकील शोधून दिला, आणि मला वाटत होतं की पाहणारी मी आहे. माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून ती मला पाहत होती. मला राग आला. पण लवकरच तो रागाहून वाईट कशात तरी बदलला. असं एक पान मला लिहिता आलं असतं तर मी काय वाटेल ते दिलं असतं. तिचा तो नवरा, ते कुलूप, ते एकटेपण, तेही मला क्षणभर हवंसं वाटलं, कारण त्यातून हे पान आलं होतं. माझ्याकडे एक चांगला नवरा, एक मुलगा आणि तळघरात पिंग-पाँगचं टेबल होतं. त्याच्यावर कोण काय लिहिणार?

घरी शरदने विचारलं, "भाजी बिघडली होती का?" मी हो म्हटलं.

दोन्ही बाडं मी नियमाप्रमाणे रीडरांकडे पाठवली. ओव्यांच्या पुस्तकाबद्दल दोघांनीही छान लिहिलं. मेम्वारबद्दल एकाने लिहिलं, की हे हृद्य आहे, पण ही विद्वत्ता नव्हे. दुसऱ्याने विचारलं, की ही बाई आहे कोण. त्या काळात विद्यापीठांच्या प्रेस आठवणींची पुस्तकं फारशी काढत नसत. आठवणी सेनापतींनी आणि नटांनी लिहायच्या, अशी समजूत होती.

आणखी एक गोष्ट होती. उषाच्या कॉलेजात ती टेन्यूरला आली होती. म्हणजे नोकरी एकतर कायम होणार, नाहीतर जाणार. मधलं काही नसतं. त्यासाठी अभ्यासाचं एक पुस्तक हवं होतं. ओव्यांवरचं चाललं असतं. मेम्वार त्यांनी मोजलं नसतं.

हॅरल्डनी मला केबिनमध्ये बोलावलं. मालती म्हणता येत नसल्याने ते मला 'मॅल्टी' म्हणायचे. म्हणाले, "मॅल्टी, वसंत ऋतूच्या यादीत भारतावरचं एकच पुस्तक बसतंय. कमिटीपुढे कुठलं न्यायचं ते तू ठरव. तुला यातलं माझ्याहून जास्त कळतं."

मी हो म्हणून बाहेर आले आणि उषाला फोन केला. ती शनिवारी गाडी घेऊन आली. डेव्हनवर, म्हणजे शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, पार्किंग शोधण्यातच आमचा निम्मा उत्साह संपला. साड्यांच्या दुकानांच्या ओळीत डोशाचं एक लहानसं हॉटेल होतं, तिथे बसलो.

"काय ठरवलंस?" तिने विचारलं.

"आधी खा."

"म्हणजे वाईट बातमी आहे."

"नाही. मला जे सांगायचंय ते रिकाम्या पोटी सांगता येणार नाही." इडली आली, मी ती नुसतीच मोडत बसले, आणि शेवटी म्हटलं, "उषा, मला तुझा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही. तुझी एडिटर मी होऊ नये. हॅरल्डना सांगते, दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणून."

उषा सांबारात वडा बुडवत होती. तिचा हात थांबलासुद्धा नाही. "माहितेय मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"बी.ए.चा रिझल्ट लागला तेव्हापासून. बोर्डावर तू आधी माझं नाव शोधलंस, मग तुझं."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "मग माझ्याकडे का पाठवलंस?"

"आमच्या डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांनी वाचलं. सगळे म्हणाले, लव्हली, व्हेरी मूव्हिंग. एकानेही एक वाक्य बदल म्हणून सांगितलं नाही. अगं, ज्यांना मी आवडते ते नीट वाचतच नाहीत यार. ते माझ्याकडे बघतात, पानाकडे नाही. तू पानाकडे बघशील. जिथे मी तुझ्यापेक्षा बरं लिहिलंय ते तुला लगेच कळेल. जिथे नाही, तेही कळेल."

मी तिला सगळंच सांगून टाकलं. ओव्यांचं पुस्तक घेतलं तर तिची नोकरी पक्की होईल, पुस्तक लायब्ररीच्या फळीवर शांत बसेल आणि माझा हेवाही शांत बसेल. मेम्वार घेतलं तर ती लेखिका होईल आणि नोकरी गमावेल. तिची नोकरी जावी असं माझ्या मनात कुठेतरी आहे का, हे मी तपासून पाहिलं होतं, आणि 'नाही' असं छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. कुठलंही निवडलं तरी माझ्यावर माझाच संशय होता.

उषाने हात पुसले. "हे बघ मालू, तुझं मन स्वच्छ व्हायची वाट बघत बसलो तर दोन्ही पुस्तकं जुनी होतील. वाचताना काय झालं ते सांग."

"पहिलं वाचताना मी डबा संपवला. दुसरं वाचताना मला जेवण गेलं नाही."

"मग झालं तर."

"झालं काय? नोकरी जाईल तुझी. भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर दोन पाठवली. एकटं मेम्वार पाठवायची हिंमत नव्हती माझ्यात." ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर एक बाई मीटरमध्ये नाणी घालत होती. मग उषा म्हणाली, "ओव्यांचं पुस्तक मी त्यांच्यासाठी लिहिलं. हे कोणासाठी लिहिलं ते मला माहीत नाही. पण हेच काढ."

कमिटीची बैठक लांबट टेबलाभोवती भरायची. मी सहसा कोपऱ्यात बसून नोंदी घ्यायचे. त्या दिवशी उभी राहिले. रीडरांचे अभिप्राय सगळ्यांसमोर होते आणि ते माझ्याविरुद्ध होते. दाढीवाले एक प्रोफेसर म्हणाले, "ओव्यांचं पुस्तक उत्तम दिसतंय. ते सोडून हे का? या बाईंनी विशेष असं काय केलंय?"

मी पाठ करून आलेलं भाषण विसरले. म्हटलं, "काही विशेष केलेलं नाही. एका सकाळी त्या दार उघडून बाहेर पडल्या आणि माझ्या घरी आल्या. त्या हिवाळ्यात मी तिथेच होते. त्यांनी पाहिलं ते सगळं माझ्याही डोळ्यांसमोर होतं. मीही साहित्याची विद्यार्थिनी आहे. ओव्यांवरचं पुस्तक मी लिहू शकले असते. हे मला शक्य नव्हतं."

 हॅरल्ड चष्मा पुसत राहिले. मग त्या दाढीवाल्या प्रोफेसरांनी बाड पुढे ओढलं आणि म्हणाले, "मला एक आठवडा द्या, मी स्वतः वाचतो." आठवड्याने त्यांनी हो म्हटलं, आणि बाकीच्यांनी मान डोलावली.

मग माझं खरं काम सुरू झालं. उषा शनिवारी यायची, आम्ही जेवणाच्या टेबलावर पानं पसरायचो. माझी पद्धत मी तिला सांगून टाकली होती. ज्या वाक्याचा मला हेवा वाटत नाही, त्याला हिरवी पेन्सिल. ती म्हणाली, चालेल. पहिलं प्रकरण त्या हिशेबाने निम्मं गेलं. तिला सवय होती प्रत्येक प्रसंगानंतर त्याचा अर्थ सांगायची, ती शिक्षिकेची सवय. त्या अर्थांचा मला मुळीच हेवा वाटत नव्हता. ते मीही सांगत होतेच की, दिवसभर. सगळे काढले. ती कधी कधी भांडायची.

"हे वाक्य का कापलंस? चांगलं आहे."

"चांगलं आहे. पण मला काही झालं नाही."

"तुला दुपारी झोप येत असेल."

"कॉफी घेऊन परत वाचते." आणि परत वाचून मी ते परत कापायचे.

मग स्वयंपाकघराचं पान आलं. पोळ्या आणि हलणारे ओठ. उषा म्हणाली, "हे मी काढते. तुला त्रास होत असेल तर. खरंच काढते."

तो सबंध पुस्तकातला सगळ्यात चांगला परिच्छेद होता. माझ्या पद्धतीने त्याला हात लावायची सोय नव्हती. पेन्सिल माझ्या हातात होती, उषाने परवानगी दिली होती, आणि कमिटीतल्या कोणालाही काही कळलं नसतं. मी तो पुन्हा वाचला. त्यात 'पुन्हा पहिल्यापासून'नंतर आणखी एक वाक्य होतं, मैत्रिणीच्या त्यागाबद्दल. मी तेवढं कापलं.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच. त्यागबिग काही नव्हता तो. बाकी राहू दे."

निखिल वरून आला आणि म्हणाला, "मॉम, आर यू गाइज फायटिंग?" उषा म्हणाली, "नो राजा, वी आर वर्किंग."

पुस्तक वसंतात निघालं. मोठा गाजावाजा झाला नाही. एका मोठ्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चांगलं परीक्षण आलं, मग दोन-तीन ठिकाणी आणखी. कॉलेजांत ते वाचायला लावू लागले, तशी पुन्हा आवृत्ती काढावी लागली. हॅरल्डनी मला बढती दिली, दारावर माझ्या नावाची पाटी लागली. आणि त्याच सुमाराला उषाला टेन्यूर नाकारल्याचं पत्र आलं.

तिने रविवारची वाट न बघता फोन केला. रडली नाही. मीच रडले. मी म्हटलं, "ते दुसरं पुस्तक आता लगेच घेऊ या आम्ही." ती म्हणाली, "आता ते वाचावंसं वाटत नाही गं. ठेवून दे." ते बाड कित्येक वर्षं माझ्या कपाटात होतं. पुढे त्याच विषयावर दुसऱ्या कोणाचं तरी पुस्तक बाजारात आलं. उषाच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं. ते वाचून मला जी हळहळ वाटली ती अजून गेलेली नाही. दोन्ही पुस्तकांना जागा मिळायला हवी होती. पण आमची यादी लहान होती, आणि तिच्या कॉलेजाचा हिशेबही.

उषाला पार पश्चिम किनाऱ्याकडे, रेडमंडला, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं, मॅन्युअल लिहिण्याचं. कॉम्प्युटर सुरू कसा करायचा, फाइल कुठे ठेवायची, हे साध्या माणसाला समजेल असं सांगायचं. जाण्याआधी आमच्या गावातल्या लायब्ररीत मी तिच्या वाचनाचा कार्यक्रम ठेवला. मंडळातली बरीच माणसं आली. काही पुस्तकासाठी, काही घटस्फोटाबद्दल ती उघडपणे काय बोलते हे बघायला. ती डेट्रॉईटचं प्रकरण वाचत होती आणि खोलीत खुर्ची हलल्याचाही आवाज नव्हता. मी मागे उभी होते. प्रत्येक शब्द मला पाठ होता. त्यातला कुठला शब्द मी काढला आणि कुठे जागा मोकळी केली, तेही पाठ होतं. लोक ज्या शांततेत बसले होते, ती निम्मी माझ्या पेन्सिलीने केलेली होती. टाळ्या तिला मिळाल्या. मला तिच्या जागी, पुढच्या त्या खुर्चीत बसायचं होतं. इतकं की माझे कान गरम झाले.

प्रश्नांच्या वेळी सुमनकाकू उठल्या. मंडळातल्या त्या सगळ्यांच्या काकू, वयाने आमच्याहून बऱ्याच मोठ्या, साडीवर पांढरा कार्डिगन. काका त्यांना सगळीकडे सोडायचे आणि घ्यायला यायचे. त्या दिवशीही काका खाली गाडीत बसले होते. काकूंनी मराठीत विचारलं, "तुम्ही बाहेर पडलात तेव्हा तुम्हाला गाडी चालवता येत होती का?"

"नाही, काकू."

"मग कशा गेलात?"

"चालत. बस स्टॉपपर्यंत."

"बर्फ होतं?"

"होतं."

काकू "बरं" म्हणाल्या आणि खाली बसल्या.

उषा रेडमंडला गेली. काही दिवसांनी काकूंचा मला फोन आला. "मालती, मला ड्राइव्ह करायला शिकवशील का?"

मी दचकले. काका तर देवमाणूस, काकूंना कधी उलट शब्द बोललेले नव्हते. मी विचारलं, "काकू, सगळं ठीक आहे ना घरी?"

"ठीक आहे की. काही झालेलं नाही. मला फक्त कुठेतरी कोणाला न विचारता जाऊन यायचंय."

"क्लास लावू या का? चांगले असतात इथे."

"तो माणूस इंग्लिशमध्ये ओरडेल. तू मराठीत ओरड."

रविवारी सकाळी बंद असलेल्या एका मोठ्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही जायला लागलो. मी ओरडले, भरपूर ओरडले. काकू ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवायच्या आणि वळताना डोळे मिटायच्या. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, दुसऱ्या वेळी पास झाल्या आणि घरी जाऊन काकांना लायसन्स दाखवलं. काका म्हणाले, "अरे वा, मला आधी सांगायचं ना," आणि त्यांनी काकूंना स्वतःच्या गाडीची जास्तीची किल्ली काढून दिली.

मग एका सकाळी काकूंनी मला घरापाशी उतरवलं, काच खाली केली आणि म्हणाल्या, "डेव्हनला जाऊन येते. तुला मेथी आणू का?" माझ्या उत्तराची वाट न बघता त्या निघाल्या. सिग्नल डावीकडचा देऊन उजवीकडे वळल्या. पदराचं टोक दारात अडकून बाहेर फडफडत होतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत राहिले. हे उषाच्या पुस्तकाने केलं होतं. मी फक्त शेजारच्या सीटवर बसले होते.

संध्याकाळी मेथी आली. मी उषाला फोन करायला रिसीव्हर उचलला. तिकडे पाऊस, नवीन गाव, दिवसभर मशीनसमोर बसून लिहिणं, ओळखीचं कोणी नाही. नोकरी जाण्याइतकं काही तिच्या पुस्तकाने मिळवलं का, असा प्रश्न तिला पडत असणार. ही हकिगत ऐकून तिला किती बरं वाटलं असतं. मी अर्धा नंबर फिरवला आणि रिसीव्हर खाली ठेवला. तिच्याकडे पुस्तक होतं, परीक्षणं होती, लायब्ररीतली ती खुर्ची होती. सुमनकाकू माझ्याकडे राहू देत, असं मनाशी म्हणाले. दर रविवारच्या फोनवर आम्ही जगातलं सगळं बोललो, हे सोडून.

काकू आता नाहीत. शेवटपर्यंत गाडी चालवत होत्या, आणि शेवटपर्यंत चुकीचा सिग्नल देत होत्या. उषा अजून रेडमंडलाच आहे. ही हकिगत ज्यात छापून येतेय तो हा दिवाळी अंक दरवर्षी मीच तिला पोस्टाने पाठवते, आणि ती पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत सगळा वाचते. उषा, काकूंनी गाडी शिकायला घेतली ती तू त्यांना "चालत" म्हणालीस म्हणून. इतकी वर्षं हे मी तुला सांगितलं नाही. आता वाचलंस ना, तर रविवारी फोन कर.